उतारवयात चावणे मंदावते तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांच्या आईचे वय 76 वर्षे आहे. गेल्या दीड वर्षात त्यांचे वजन 58 किलोवरून 52 किलोवर आले आहे. रक्ताच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी यांत काही निघालेले नाही. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा सात-आठ वर्षांपूर्वी काढाव्या लागल्या आणि त्या जागी केलेली काढती-घालती कवळी टोचते म्हणून डबीतच पडून असते. ‘आई नेहमीसारखीच जेवते’ असे घरातील सगळे सांगतात. अलीकडे त्यांना ओळखीची नावे चटकन आठवत नाहीत. दातांचा वजनाशी, स्मरणशक्तीशी आणि हृदयाशी खरोखर काही संबंध असतो का, आणि या वयात दातांच्या मागे लागण्यात अर्थ आहे का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी 30 वर्षांहून अधिक काळ कवळ्या, ब्रिज आणि इम्प्लांटवरील (म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेल्या खुंटीवरील) दात बसवण्याचे काम करतो आणि माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण साठीच्या पुढचे असतात. आधी सरळ उत्तर देतो. वजनाशी संबंध असण्याची शक्यता दाट आहे. मधुमेह आणि न्यूमोनिया यांच्याशी तोंडाच्या आरोग्याचे नाते बरेच पक्के आहे. हृदय आणि स्मरणशक्ती यांच्याबाबत संबंध दिसतो, पण दात नीट केले की त्या आजारांना आळा बसतो असे म्हणण्याइतका पुरावा नाही. उपचारांना या वयातही अर्थ आहे; कोणते आधी करायचे आणि कोणते टाळायचे एवढे मात्र विचारपूर्वक ठरवावे लागते. त्याचबरोबर, वजनाचे खापर एकट्या दातांवर फोडण्याची घाई करू नका. 58 किलोच्या व्यक्तीचे 6 किलो वजन काही न करता उतरणे म्हणजे शरीराचा एक-दशांश भाग जाणे होय. थायरॉइड, नैराश्य, गिळण्याचा त्रास, चालू असलेली औषधे आणि दडून बसलेला कर्करोग यांचा विचार तुमच्या फिजिशियननी केला आहे ना, हे विचारून घ्या. दातांचे कारण हाती लागले म्हणून बाकीचा शोध थांबला, असे होता कामा नये.

आता ‘नेहमीसारखीच जेवते’ या वाक्याकडे येतो, कारण माझ्या मते खरी अडचण तिथेच लपलेली आहे. चावता येईनासे झाल्यावर जेवण सोडणारा माणूस मी क्वचितच पाहिला आहे. ताट तेवढेच भरलेले असते, जेवायची वेळ तीच असते, पोटही भरते. बदलते ते ताटातले पदार्थ, आणि तेही इतके सावकाश की रोज समोर बसून जेवणाऱ्यांनाही पत्ता लागत नाही. एक पदार्थ ‘आता आवडत नाही’ म्हणून जातो, दुसरा ‘पचत नाही’ म्हणून, तिसरा ‘उगाच कटकट’ म्हणून. कच्ची फळे, कच्च्या भाज्या, बदाम-अक्रोडासारखी कठीण कवचाची फळे, मांस, सालीची कडधान्ये हळूहळू बाजूला पडतात आणि त्यांची जागा मऊ, पिष्टमय, गोडसर पदार्थ घेतात. पोट भरल्याची भावना शाबूत राहते. प्रथिने, तंतुमय अंश, काही जीवनसत्त्वे आणि खनिजे मात्र घटत जातात.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका पुढचा एक हलणारा दात दाखवायला माझ्याकडे आल्या होत्या. सोबत यजमान होते आणि ‘खाण्यापिण्याची काही तक्रार नाही’ असे त्यांनीच परस्पर सांगून टाकले. मी बाईंना विचारले, सफरचंद न चिरता, न किसता, थेट दातांनी तोडून शेवटचे कधी खाल्ले? त्या गप्प झाल्या. मग बोटांवर हिशेब करत म्हणाल्या, मुलीच्या लग्नाच्या आधी. मुलीच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षे झाली होती. पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी स्वतःच नऊ पदार्थांची यादी केली, जे त्यांनी एकेक करून सोडले होते आणि ज्यांच्याबद्दल घरात एकदाही चर्चा झाली नव्हती. यजमान अवाक् होऊन ऐकत होते. तेव्हापासून ‘जेवण कसे आहे?’ हा प्रश्न मी विचारतच नाही, ‘काय सोडले?’ असे विचारतो. तुम्हीही आईंना हेच विचारा, आणि विचारताना त्यांना आपण चुकलो असे वाटू देऊ नका.

चावणे ही क्रिया दिसते त्यापेक्षा पुष्कळ गुंतागुंतीची आहे. घास तोंडात गेल्यावर पुढचे दात तो तोडतात, जीभ तो उचलून दाढांवर ठेवते, गाल बाहेरून त्याला टेकण देतो, आणि प्रत्येक चाव्यागणिक जीभ निसटलेले तुकडे पुन्हा दाढांखाली सारते. दाताच्या मुळाभोवती साधारण 0.2 मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. घासात आलेला एखादा केस किंवा वाळूचा कण आपल्याला ताबडतोब कळतो तो या पडद्यातील संवेदनांमुळे, आणि किती जोर लावायचा हेही मेंदूला त्यातूनच समजते. सोबत लाळ मिसळत जाते आणि तुकडे एकमेकांना चिकटून ओला, निसरडा गोळा तयार झाला की गिळण्याची आज्ञा सुटते. दात काढला की हा पडदाही जातो. म्हणूनच कवळी कितीही चांगली असली तरी तिला नैसर्गिक दातांची जाण नसते आणि जोरही नसतो. संपूर्ण कवळी लावणाऱ्याची चाव्याची ताकद सगळे दात असणाऱ्याच्या साधारण एक-चतुर्थांश किंवा त्याहूनही कमी भरते.

दात गेलेला माणूस जास्त वेळ चावून ही कसर भरून काढत असेल, असा समज असतो. थोडी भरून निघते, पुरती नाही. बहुतेक जण आधीच्या सवयीप्रमाणे चावतात आणि मग मोठेच तुकडे गिळतात. माझ्याकडे यासाठी एक साधी चाचणी आहे. दोन रंगांच्या च्युइंगगमच्या पट्ट्या एकावर एक ठेवून रुग्णाला मोजून 20 वेळा चावायला सांगायचे आणि गोळा काढून दोन काचांमध्ये दाबायचा. चांगले चावणाऱ्याच्या गोळ्यात दोन्ही रंग मिसळून एकच तिसरा रंग होतो. ज्यांच्या दाढा गेल्या आहेत त्यांच्या गोळ्यात दोन रंगांचे पट्टे जवळजवळ जसेच्या तसे दिसतात. ‘माझे चावणे उत्तम आहे’ असे ठासून सांगणारे कितीतरी जण तो गोळा पाहून विचारात पडतात. ही फसगत समजण्यासारखी आहे. चावण्यातली घट वर्षानुवर्षे होत असते आणि तुलनेला आपलेच कालचे चावणे असते.

दातांची संख्या महत्त्वाची आहेच. अक्कलदाढांसह 32 दातांपैकी निदान 20 नैसर्गिक दात टिकले तर बहुतेक पदार्थ खाता येतात, हा आडाखा जगभर वापरला जातो. जपानमध्ये 1989 साली ‘8020’ ही मोहीम याच विचारातून सुरू झाली: वयाच्या 80व्या वर्षी 20 दात. सुरुवातीला त्या वयाच्या दहांतल्या एकालाही हे साधत नव्हते; 2016 च्या पाहणीत निम्म्याहून अधिक लोकांना साधले होते. म्हणजे म्हातारपणी दात पडायचेच, ही समजूत खोटी ठरली. दात वयामुळे पडत नाहीत. कीड आणि हिरड्यांचा आजार यांमुळे पडतात, आणि वय त्या दोघांना काम करायला वेळ देते.

पण संख्येपेक्षा मी जोड्या अधिक पाहतो. वरची दाढ खालच्या दाढेवर टेकली तरच ती दळते. तुमच्या आईंच्या वरच्या सर्व दाढा शाबूत असतीलही, पण खाली काहीच नसेल तर दळण्याच्या हिशेबात त्या जवळजवळ नसल्यासारख्याच आहेत. शिवाय खालचा आधार गेल्यावर वरच्या दाढा वर्षागणिक थोड्याथोड्या खाली उतरतात, आणि सात-आठ वर्षांनी खालच्या कवळीला जागाच उरत नाही. त्यांची कवळी टोचण्यामागे हेही एक कारण असू शकते. दुसऱ्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की गेलेला प्रत्येक दात भरून काढलाच पाहिजे असे नाही. नेदरलँड्समधील दंततज्ज्ञ कायझर यांनी 1981 मध्ये मांडलेली आखूड दंतपंक्तीची कल्पना मला आजही उपयोगी पडते: पुढचे दात आणि उपदाढा (सुळ्यांमागच्या छोट्या दाढा) दोन्ही बाजूंना नीट टेकत असतील, तर मागच्या दाढांशिवायही अनेक वृद्धांचे भागते. अशा व्यक्तीच्या तोंडात न मानवणारी कवळी कोंबण्यापेक्षा आहेत ते दात जपणे शहाणपणाचे असते.

इथे एक मुद्दा माझ्याच व्यवसायातील लोक सहसा सोडून देतात. नीट न चावलेले अन्न पचत नाही, हे सरसकट खरे नाही. फॅरेल नावाच्या दंतवैद्यांनी 1956 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चावलेल्या आणि न चावलेल्या अन्नाचे तुकडे सुती जाळीच्या छोट्या पिशव्यांत भरून लोकांना गिळायला दिले आणि बाहेर पडलेल्या पिशव्यांत काय उरले ते तपासले. बरेचसे शिजवलेले अन्न न चावताही पचले होते. मांस आणि काही भाज्या यांचे अवशेष मात्र न चावल्यास शिल्लक राहिले. जठर आणि आतडी बरीच सोशिक असतात. तेव्हा चावणे गेल्याने होणारे नुकसान पोटात होते त्याहून जास्त बाजारात आणि स्वयंपाकघरात होते, जिथे काय आणायचे आणि काय शिजवायचे हे ठरते. हे ध्यानात घेतले की उपायाची दिशाही बदलते.

प्रथिनांचेच पाहा. प्रौढांना दररोज शरीराच्या दर किलो वजनामागे 0.8 ग्रॅम प्रथिने पुरतात असे मानले जाते. वृद्धांसाठी मात्र 2013 च्या तज्ज्ञगटाने 1 ते 1.2 ग्रॅम सुचवली, कारण वय वाढले की तेवढ्याच प्रथिनांतून स्नायू कमी बांधला जातो. तुमच्या आईंच्या वजनाला हे 52 ते 62 ग्रॅम होतात. एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम मिळतात, यावरून किती लागते याचा अंदाज यावा. (मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे आकडे बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना विचारा.) प्रथिने कमी पडली की मांड्यांचे स्नायू झिजतात, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, चाल मंदावते, पडण्याची भीती वाढते. झिजणाऱ्या स्नायूंत जबड्याचे आणि जिभेचे स्नायूही असतात. त्यामुळे चावणे आणखी दुबळे होते आणि माणूस आणखी मऊ अन्नाकडे वळतो. हे चक्र एकदा फिरू लागले की आपोआप थांबत नाही. जपानी संशोधकांनी याला तोंडाचा अशक्तपणा असे नाव दिले आहे: दात कमी, चावणे अवघड, जिभेचा जोर कमी, उच्चार अस्पष्ट, गिळताना ठसका. यातील तीन-चार लक्षणे एकत्र दिसली तर ती सगळ्या शरीराच्या अशक्तपणाची आगाऊ सूचना समजावी.

मग नवी कवळी बसवली की वजन वाढेल का? मला तसे वाटत असे. पण अभ्यास वेगळे सांगतात आणि माझ्या नोंदवह्याही त्यांचीच बाजू घेतात. उत्तम कवळी मिळूनही बहुतेक लोक जुन्या मऊ खाण्याकडेच राहतात, कारण दहा वर्षांत तीच त्यांची आवड झालेली असते. कवळीसोबत आहाराचे नेमके मार्गदर्शन मिळाले तेव्हाच फळे आणि भाज्या वाढल्याचे दिसून आले आहे. म्हणून कवळी दिल्यावर मी रुग्णाला सोडलेल्या पदार्थांची यादी परत काढायला लावतो आणि दर आठवड्याला एक पदार्थ परत आणायला सांगतो. आधी वाफवून, बारीक चिरून, दोन्ही बाजूंनी एकदम चावून, आणि मग हळूहळू मूळ रूपात. जे परत येत नाही त्याचा सत्त्वांश मऊ रूपात द्यायचा: अंडी, दही, मऊ शिजवलेली डाळ, बारीक केलेले मांस, दाण्यांची पूड. मऊ म्हणजे निःसत्त्व असे असण्याचे कारण नाही, पण घरोघरी ते तसेच होऊन बसलेले असते.

खालच्या कवळीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तुमची डबी तिथेच अडली आहे. दात काढल्यावर जबड्याच्या हाडाची कड झिजू लागते. पहिल्या वर्षात सर्वांत वेगाने आणि पुढे आयुष्यभर हळूहळू. 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पंचवीस वर्षांच्या पाठपुराव्यात संपूर्ण कवळी लावणाऱ्यांच्या खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली. वरच्या कवळीला टाळूची प्रशस्त जागा आणि हवेची पकड मिळते, तर खालच्या कवळीला घोड्याच्या नालेएवढी अरुंद कड आणि मध्ये सतत हलणारी जीभ. काही दाढाच गेल्या असतील तर उरलेल्या दातांना कड्या घालून कवळी धरता येते, पण मागे मोकळे असलेले टोक हिरडीवरच टेकते आणि हाड झिजले की तिथेच रुतते. सात वर्षांपूर्वीच्या मापाची कवळी आजच्या जबड्याला टोचली तर यात आश्चर्य काहीच नाही. अनेकदा आतून नवा थर देऊन ती पुन्हा बसती करता येते. नाही तर नवी करावी लागते. खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर दोन इम्प्लांटवर टेकणारी कवळी हा पहिला पर्याय समजावा, असे मॉन्ट्रियल येथे जमलेल्या तज्ज्ञांनी 2002 मध्येच नमूद केले होते, आणि त्या दोन खुंट्यांनी काय फरक पडतो हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. केवळ वय जास्त आहे म्हणून इम्प्लांट नाकारायचे कारण नाही. नियंत्रणात नसलेला मधुमेह, धूम्रपान, आणि स्वच्छता राखता न येणे हे अडसर वयापेक्षा मोठे आहेत.

लाळेचा विषय रुग्ण स्वतःहून काढत नाहीत. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. वयामुळे ती फारशी आटत नाही. आटते ती औषधांमुळे. रक्तदाबासाठी दिली जाणारी लघवी वाढवणारी औषधे, नैराश्यावरील काही औषधे, ॲलर्जीच्या गोळ्या, वारंवार लघवीला होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या, झोपेची औषधे: यांतील तीन-चार एकाच वेळी चालू असणे वृद्धांमध्ये नेहमीचे आहे. कोरड्या तोंडात घास गोळा होत नाही, चव लागत नाही, कवळी चिकटून बसत नाही आणि हिरडीला घासते. रात्री पाण्यासाठी उठावे लागते का, कोरडा पदार्थ पाण्याच्या घोटाशिवाय गिळता येतो का, हे दोन प्रश्न आईंना विचारा. औषध मनाने बंद करू नका, पण सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन फिजिशियनकडे जा आणि यांतील कशाला पर्याय आहे का ते विचारा. मी पाहिलेल्या सर्वांत झटपट सुधारणा कवळीने नव्हे, एखादी गोळी बदलल्याने झालेल्या आहेत.

लाळ कमी झाली की कीडही वेगाने लागते, आणि उतारवयात ती वेगळ्या जागी लागते. हिरड्या खाली सरकल्याने दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर इनॅमलचे कवच नसते, त्यामुळे इनॅमल ज्या आम्लतेला टिकून राहते तिच्यापेक्षा सौम्य आम्लातही मूळ विरघळू लागते. ही कीड दुखत नाही, हिरडीलगत दाताभोवती गोल फिरते आणि एक दिवस दात खटकन मोडून हातात येतो. अशा रुग्णांना जास्त फ्लोराइड असलेली टूथपेस्ट दंतवैद्याच्या सल्ल्याने देता येते. नेहमीच्या पेस्टमध्ये साधारण 1000 ते 1500 पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड असते, तर या खास पेस्टमध्ये 5000. दिवसभर तोंडात गोळ्या-चॉकलेट चघळून कोरडेपणा घालवण्याची सवय असेल तर ती आधी थांबवा; शर्करारहित च्युइंगगम किंवा पाण्याचे छोटे घोट बरे.

आता बाकीच्या आजारांकडे. हिरड्यांचा जुनाट आजार आणि मधुमेह एकमेकांना खतपाणी घालतात. रक्तातील साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्यांतील सततच्या दाहामुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. हिरड्यांची खोलवर सफाई केल्यानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) साधारण 0.3 ते 0.5 टक्क्यांनी उतरते, असे अनेक चाचण्या एकत्र पाहता दिसते. हा आकडा छोटा वाटेल, पण एखादे जादा औषध सुरू करून मिळणाऱ्या फायद्याच्या तो जवळ जातो. आईंना मधुमेह असेल तर हिरड्यांवरील उपचार मी कवळीच्याही आधी ठेवीन.

हृदयाबद्दल मी जपून बोलतो. हिरड्यांचा आजार असणाऱ्यांत हृदयविकार जास्त आढळतो, हे खरे. पण धूम्रपान, मधुमेह आणि गरिबी दोन्हींच्या मुळाशी असतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2012 मध्ये पुरावा तपासून संबंध मान्य केला, मात्र हिरड्यांच्या उपचाराने हृदयविकार टळतो असे सिद्ध झालेले नाही, असेही स्पष्ट केले. ‘दात साफ करा, झटका टाळा’ अशी पाटी मी माझ्या दवाखान्यात लावलेली नाही.

न्यूमोनियाचा धोका मात्र मी प्रत्येक घरी ठासून सांगतो. झोपेत लाळेचे सूक्ष्म थेंब श्वासनलिकेत जातात. तरुणपणी खोकला त्यांना परतवतो, दुबळ्या वृद्धाला ते जमत नाही. त्या लाळेत किती आणि कोणते जंतू आहेत यावर पुढचे अवलंबून असते. 1999 मध्ये जपानमधील वृद्धाश्रमांत झालेल्या दोन वर्षांच्या अभ्यासात, नियमित दात घासून देण्याची व्यवस्था असलेल्या गटात 11 टक्क्यांना न्यूमोनिया झाला, तर तशी व्यवस्था नसलेल्या गटात 19 टक्क्यांना. पुढे अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीत असा फायदा दिसला नाही, त्यामुळे हा वाद मिटलेला आहे असे मी म्हणणार नाही. तरी रात्री कवळी तोंडात ठेवून झोपण्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पंच्याऐंशी वर्षांवरील पाचशेहून अधिक जपानी वृद्धांच्या पाहणीत, कवळी लावून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला. रात्री कवळी काढून, ब्रशने आणि साध्या साबणाने घासून, स्वच्छ साध्या पाण्यात ठेवायची. गरम पाण्याने ती वाकते आणि नेहमीच्या टूथपेस्टने तिच्यावर चरे पडतात, ज्यांत बुरशी घर करते.

स्मरणशक्तीचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. दात कमी असणाऱ्यांत विस्मरणाचे आजार अधिक आढळतात, हे बऱ्याच पाहण्यांतून दिसते. चावण्यातून मेंदूला मिळणाऱ्या संवेदना कमी होणे, पोषण घटणे, दाह वाढणे, चारचौघांत जेवायला संकोच वाटून एकटे पडणे, अशी अनेक स्पष्टीकरणे दिली जातात. उलटी दिशाही तितकीच शक्य आहे: विस्मरण सुरू झाले की दात घासणे चुकते आणि मग दात जातात. नवी कवळी देऊन हरवलेली नावे परत येतील असे मी कोणालाही सांगत नाही, आणि कोणी तुम्हाला तसे सांगितले तर सावध राहा. आईंची स्मृतिचाचणी मात्र वेगळी आणि लवकर करून घ्या, कारण दातांच्या निर्णयालाही तिचा उपयोग होतो. विस्मरण वाढत गेले तर नवी कवळी हाताळायला शिकणे दिवसेंदिवस कठीण होते. जे बसवायचे ते आत्ता, शिकण्याची क्षमता शाबूत असताना बसवावे. आणि असे बसवावे की उद्या दुसऱ्या कोणाला ते स्वच्छ करून देता येईल.

दंतवैद्याकडे जाण्याआधी दोन औषधांविषयी सांगायला विसरू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःहून बंद करू नयेत. दात काढण्याची बहुतेक कामे त्या चालू ठेवूनच करता येतात, आणि त्या थांबवल्याने येणारा पक्षाघाताचा धोका हिरडीतून होणाऱ्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी गंभीर असतो. हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळ्या किंवा इंजेक्शने सुरू असतील, तर त्यांतील काहींमुळे दात काढल्यावर जबड्याचे हाड न भरण्याचा, क्वचित पण त्रासदायक प्रकार घडतो. ती औषधे अजून सुरू व्हायची असतील तर दातांची कामे आधी उरकावीत. सुरू झाली असतील तर दंतवैद्याला नक्की सांगावे.

क्रम विचाराल तर मी असा धरीन. आधी दुखणे आणि संसर्ग पाहायचा, मग हिरड्या साफ करायच्या, मुळांवरील कीड भरायची, न टिकणारे दात काढायचे, आणि त्यानंतर चावण्याच्या जोड्या कशा पुन्हा उभ्या करायच्या ते ठरवायचे. दरम्यान महिन्यातून एकदा त्याच काट्यावर वजन घ्या आणि त्या पानावर त्या महिन्यात परत आलेल्या पदार्थांची नावे लिहा. वजन तीन महिन्यांनीही उतरतच असेल, तर दातांचे काम कितीही छान झालेले असले तरी फिजिशियनकडे परत जा.

पहिल्या भेटीला ती डबी सोबत न्या. कवळी आदल्या रात्री पाण्यात घालून ठेवा, कारण कोरडी पडून राहिलेली कवळी किंचित आकार बदलते. टोचते ती जागा घरी कानशीने घासून पाहू नका. मी अशा घासलेल्या कवळ्या पाहिल्या आहेत आणि त्यांचे पुढे काही करता येत नाही. दंतवैद्य तिच्यावरच्या खुणा वाचतील: दाढांचे उंचवटे झिजलेले असतील तर ती काही काळ वापरली गेली आणि नंतर बिघडली, असा अर्थ होतो, ते नव्यासारखे टोकदार असतील तर ती पहिल्या दिवसापासूनच बसली नव्हती. दुसरी गोष्ट निघाली, तर आईंनी सात वर्षे तक्रार का केली नाही हे त्यांना एकांतात, घाई न करता विचारायला हवे. बहुतेक वेळा उत्तर येते की एकदा सांगून पाहिले होते, तेव्हा ‘सवय होईल’ असे म्हणाले.